पलीकडच्या कोपऱ्यातला क्ष

मे महिन्याची दुपार. रायपुरात या वेळेला रस्त्यावर चिटपाखरूही नसतं. खिडकीतल्या कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास आणि पंख्याखाली पालथी पडलेली माझी दोन नातवंडं. नात आठवीत जाणार, नातू पाचवीत. सकाळी कांदा तोंडी लावून बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खाऊन झाली होती, त्यामुळे पोटं गार होती आणि डोकी चालत होती. नात सुट्टीचा अभ्यास काढून बसली होती, आणि एका त्रिकोणापाशी तिचं गाडं अडलं होतं.

"आजोबा, या त्रिभुजाचे तिन्ही कोण विचारलेत. आणि दिलंय काय? पहिला एक्स, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा तिप्पट. आकडा एकसुद्धा नाही! कुठून काढू?"

तिची शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून ती त्रिभुज म्हणते, समकोण म्हणते. घरी आम्ही त्रिकोण म्हणतो, काटकोन म्हणतो. मला ही जोडी फार आवडते. आकृती एकच, पण हिंदीने तिच्या भुजा मोजल्या आणि मराठीने कोन. त्या दिवशी आमचं काम कोपऱ्यांशी होतं. मी म्हटलं, आज मराठी नाव चालवू, आणि एक्सला क्ष म्हणू. मी शाळेत असल्यापासून न सापडलेल्या गोष्टीला क्षच म्हणत आलो आहे.

"आणि आकडा दिलेला नाही असं नको म्हणूस. एक आकडा दिलाय, पण तो छापलेला नाही. संध्याकाळी तलावावर चल, तिथे दाखवतो."

ऊन उतरल्यावर आम्ही बूढा तालाबावर गेलो. कागदोपत्री त्याला विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ मध्ये कोलकात्याहून आलेला नरेंद्र नावाचा मुलगा इथे जवळच बूढापाऱ्यात आपल्या कुटुंबासोबत साधारण दोन वर्षं राहिला. तोच पुढे स्वामी विवेकानंद झाला. तलावाच्या मधोमध बेटावर त्यांचा बसलेला पुतळा आहे. काठाची एक बाजू बरीच सरळ आहे, तिथे मी दोघांना उभं केलं.

"पुतळा इथून किती लांब आहे? पाण्यात उतरायचं नाही, नावेत बसायचं नाही, कोणाला विचारायचं नाही."

नातवाने डोळे बारीक करून अंदाज सांगितला. नात गप्प राहिली. तिला कळलं होतं की आजोबांच्या खिशात काहीतरी आहे. खिशात होता एक चौरस कागद. त्याचा कोपरा म्हणजे काटकोन. तोच कागद कर्णावर दुमडला की कोपऱ्याचे दोन सारखे भाग होतात, ४५ अंशांचे. एवढीच आमची उपकरणं.

आधी काठावर अशी जागा शोधली, जिथे कागदाची एक कड काठाला लावली की दुसरी कड थेट पुतळ्याकडे रोखलेली असते. तिथे नातवाची चप्पल ठेवली. मग कागद दुमडून काठाकाठाने चालत निघालो. चालता चालता अशी जागा आली की दुमडलेल्या कागदाची एक कड मागे चपलेकडे आणि दुसरी पुतळ्याकडे जुळली. तिथे थांबलो.

"आता सांग. चपलेपाशी ९० अंश. इथे ४५. पुतळ्यापाशी किती?"

"तिथे कसं मापणार? तिथे आपण गेलोच नाही!"

"जायची गरज आहे का बघ."

तिने बोटांवर हिशेब केला. ९० आणि ४५ मिळून १३५. १८० मधून गेले, उरले ४५. मग तिचा चेहरा एकदम उजळला. दोन कोन सारखे, म्हणजे त्यांच्यासमोरच्या बाजूही सारख्या. म्हणजे चपलेपासून इथवर जितकी पावलं चाललो, तितक्याच पावलांवर पुतळा! ती धावत चपलेपर्यंत गेली आणि मोजत परत आली. तिचा आकडा मी इथे सांगत नाही. रायपुरात असाल तर कागद घेऊन जा आणि तुम्हीच मोजा; दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेल्या आकड्यात ती गंमत नाही.

पण नातू पाय रोवून उभा होता. "आजोबा, एकशे ऐंशीच का? एकशे नव्वद का नाही?"

असा प्रश्न विचारणारं मूल घरात असलं की म्हातारपणाला दुसरं काही लागत नाही. मी त्याला धुऱ्यावर नेलं. म्हणजे गोष्टीतून नेलं. तुमच्याकडे त्याला बांध म्हणत असतील. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या शेताला बांधी आणि तिच्या कडेला धुरा म्हणतात, आमच्या छत्तीसगढीत मेड. समज, एक त्रिकोणी बांधी आहे आणि तू तिच्या धुऱ्यावरून चालत निघालास. कोपरा आला की वळायचं, पुन्हा सरळ चालायचं. तीन कोपरे झाले, निघाला होतास तिथेच परत आलास आणि तिसरं वळण घेऊन निघाला होतास त्याच दिशेला तोंड केलंस. आता तू स्वतःभोवती किती फिरलास?

"एक गिरकी."

एक पूर्ण गिरकी म्हणजे ३६० अंश. ती तीन वळणांत वाटली गेली. आता प्रत्येक कोपऱ्याकडे नीट बघ. तू वळला नसतास तर सरळ पुढे गेला असतास, शेजाऱ्याच्या बांधीत. त्या सरळ रेषेपासून तू जितका वळलास ते वळण, आणि बांधीच्या आतला कोन, हे दोन्ही मिळून सरळ रेषा होते, म्हणजे १८०. असे कोपरे तीन, म्हणजे ५४०. त्यातून वळणांचे ३६० काढले. राहिले काय?

"एकशे ऐंशी!" तो ओरडला. काठावरचे दोन बगळे उडाले.

बांधी लांबट असो की बुटकी, एका एकराची असो की दहा एकरांची, गिरकी एकच होणार. म्हणून आतली बेरीजही तीच राहणार. तिन्ही कोन पाहिजे तसे बदलू देत, पण एकाने जागा घेतली की दुसऱ्याने सोडायची. न छापलेला आकडा म्हणजे हाच.

घरी येऊन नातीने वही उघडली. क्ष, २क्ष आणि ३क्ष. मिळून ६क्ष, आणि ते १८०. म्हणून क्ष ३० अंश, दुसरा कोन ६०, तिसरा ९०. मी तिला कंपासपेटीतला लांबट गुण्या काढायला सांगितला. तिने तो कोनमापकावर ठेवून बघितला. इतके दिवस तो त्रिकोण तिच्या दप्तरात होता आणि दुपारभर ती त्याचेच कोन शोधत होती.

इथे मला भास्कराचार्यांची आठवण येतेच. जन्म १११४ मधला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. आजोबांची विद्या टिकावी म्हणून नातवाने मठ काढावा, आणि ते दगडावर कोरलेलं राहावं! त्यांच्या बीजगणितात अज्ञाताला अव्यक्त म्हणतात. पहिल्या अव्यक्ताचं नाव यावत्-तावत्, म्हणजे जितकं असेल तितकं. आणि एकाहून जास्त अव्यक्तं असली तर? त्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर घ्यायचं: का, नी, पी, लो.

हे ऐकल्यावर नातवाने रंगपेटी आणली. मी त्याला त्रिकोण काढून दिला, एका कोपऱ्यात ४० लिहिलं, दुसरा कोपरा काळा रंगवला, तिसरा निळा. अट एकच: काळा निळ्याहून २० ने मोठा. पाचवीत जाणारं पोर, समीकरण हा शब्दही त्याने ऐकलेला नव्हता. पण काळा आणि निळा मिळून १४० उरले हे त्याला लगेच दिसलं. मग म्हणाला, "काळ्याचे जास्तीचे वीस बाजूला ठेवू. राहिले एकशे वीस. दोघांना साठ साठ. मग काळ्याचे वीस त्याला परत." निळा ६०, काळा ८०. मला वाटतं, बीजगणित मुलांना आधी रंगांतच शिकवावं. अक्षरं मागून आली तरी चालतं.

आमच्या मूळ घराला अजून खपरेल आहे, तुमची कौलं. आढ्याला दोन्ही बाजूंचे वासे येऊन टेकतात आणि खाली आडवी तुळई, असा त्रिकोण होतो. सुतार त्याला कैची म्हणतात. दोन्ही वासे सारख्या लांबीचे, म्हणून खालचे दोन्ही कोन सारखे: क्ष आणि क्ष. आढ्यापाशी तोंड चांगलं उघडलेलं. तो कोन खालच्याच्या चौपट आहे असं धरा. पुन्हा ६क्ष आणि १८०, आणि छपराचा उतार ३० अंश, आढ्यातला कोन १२०. त्याच छपराखाली कधीकाळी मधमाश्यांनी पोळं बांधलं होतं, आणि त्याच्या प्रत्येक कप्प्याच्या कोपऱ्यातही हाच कोन असतो, १२०. एका ठिकाणी तीन भिंती भेटतात आणि तिघींना सारखीच जागा पाहिजे असते: ३क्ष आणि ३६०. साबणाच्या फेसात तीन पडदे एका कडेवर भेटतात तिथेही १२०. माशीला समीकरण येत नाही, फेसाला तर जीवही नाही. पण जागा सारखी वाटायची म्हटली की उत्तर तेच येतं.

आता मी ज्यासाठी ही गोष्ट सांगायला बसलो, त्याकडे येतो.

१० मेला सकाळी मी दोघांना गच्चीवर नेलं. एक मीटर उंचीची सरळ काठी मातीने भरलेल्या डब्यात रोवली आणि ओळंबा लावून ती नीट उभी केली. मे महिन्यात आपल्या रायपुरात सूर्य डोक्याच्या जास्तीत जास्त जवळ येतो तो घड्याळात बारा वाजण्याच्या सुमारासच. इतर महिन्यांत ही वेळ मागेपुढे सरकते. मार्चच्या २१ तारखेला तर बारा वाजून दहा-अकरा मिनिटं होतात. बाराला पाच कमी असताना तिघंही डोक्याला पंचा गुंडाळून वर गेलो. सावली आखडत आखडत आली, क्षणभर थांबली आणि पुन्हा लांबू लागली. सगळ्यात आखूड असताना तिची लांबी होती साधारण सव्वासहा सेंटिमीटर.

काठी, सावली आणि काठीच्या टोकावरून सावलीच्या टोकाला येणारा सूर्यकिरण. झाला त्रिकोण. काठीच्या बुडाशी ९०. काठीच्या टोकाशी क्ष. तिसरा ९० वजा क्ष. एवढ्या आखूड सावलीचा कोन कोनमापकावर धड वाचता येत नाही, म्हणून मी कॅल्क्युलेटर वापरू दिला. क्ष आला सुमारे ३.६ अंश.

"एवढासाच?" नातू हिरमुसला.

"हा एवढासा कोन कुठे बसलाय माहीत आहे? पृथ्वीच्या पोटात, अगदी मधोमध."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली जाऊन खडू आणला आणि गच्चीच्या फरशीवर मोठं वर्तुळ काढलं. हे बघा. ही पृथ्वी. ही आपली काठी, रायपुरात उभी. काठी ओळंब्यात आहे, म्हणून ती खाली लांबवत नेली तर पृथ्वीच्या केंद्रात जाऊन पोचेल. आता आपल्या थेट दक्षिणेला, आंध्रात, राजमहेंद्रीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलुखात, आज भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर आहे. तिथे काठी उभी केली तर सावलीच पडणार नाही. तिथला किरण सरळ खाली लांबवला तर तोही केंद्रातच जाणार. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्याकडे समांतर येतात, रेल्वेच्या रुळांसारखे. आपला किरण आणि आंध्रातला किरण हे दोन रूळ, आणि आपली काठी त्यांना तिरकी छेदून जाणारी रेघ. असं असलं की काठीच्या टोकाशी जो कोन, तोच खाली केंद्रापाशी.

नात पुटपुटली, "एकांतर कोण." मराठीत व्युत्क्रम कोन. हिंदी नाव मला इथे जास्त आवडलं, आणि तसं मी तिला सांगितलंही.

म्हणजे गच्चीवर सावली मोजून आपण पृथ्वीच्या केंद्रातला कोन मोजला. तिथे कोणी गेलेला नाही. आणि जमिनीवर त्या आंध्रातल्या जागेपर्यंत सरळ अंतर नकाशावर मोजलं तर येतं सुमारे ४०० किलोमीटर. आता ३.६ म्हणजे ३६० चा कितवा भाग?

नातीला शब्द फुटेना. "शंभरावा. म्हणजे शंभर पट... चाळीस हजार."

पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००० किलोमीटरहून जेमतेम काही किलोमीटर जास्त आहे. आमच्या मातीच्या डब्याने आणि काठीने तो सापडला. सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख इराटोस्थेनीस याने हाच हिशेब केला होता. त्याचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग आला होता, आमचा शंभरावा, एवढाच फरक.

पण माझी नात माझ्याहून हुशार आहे. जेवताना म्हणाली, "आजोबा, चारशे किलोमीटर आपण नकाशावरून घेतले. नकाशा करणाऱ्याने कुठून आणले?"

म्हणून तिला हिंगणघाटला न्यावं लागलं. तेही गोष्टीतूनच, उन्हाळ्यात पोरांना घेऊन तेवढा प्रवास कोण करणार! हिंगणघाट वर्धा जिल्ह्यातलं, वणा नदीकाठचं कापसाचं गाव. मी वर्ध्याला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम जाऊन आलो. तिथे विल्यम लॅम्टन यांची कबर आहे. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना, सत्तरीच्या आसपास, ते तिथे वारले. हिंगणघाट तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं, आणि आपलं रायपूरही.

भारताची जमीन त्रिकोणांनी मोजायला या माणसाने सुरुवात केली. काम उभं राहिलं १८०२ मध्ये, मद्रासजवळ. १०० फुटी पोलादी साखळी तिपायांवर मांडून, उन्हाने ती लांबू नये म्हणून वर तंबू धरून, साधारण १२ किलोमीटरची एक सरळ रेघ मोजली. त्या एका रेघेला ५७ दिवस लागले. कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत असं साखळीने मोजत गेलं असतं तर किती पिढ्या खपल्या असत्या! नद्या आणि डोंगर तर वेगळेच. म्हणून त्यांनी तीच युक्ती केली, जी तुम्ही तलावावर केलीत. रेघेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीवरच्या निशाणाकडे बघायचं आणि दोन कोन मोजायचे. एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू हिशेबाने निघतात. त्या निघालेल्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा. अशी त्रिकोणांची माळ उत्तरेला सरकत राहिली. पुढे त्यांच्याच खात्यात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने दूरवरून मोजलेल्या कोनांतून हिमालयातल्या एका शिखराची उंची काढली आणि ते जगातलं सगळ्यात उंच निघालं, त्याचीही मुळं याच माळेत आहेत.

कोन मोजायचं त्यांचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचं, ३६ इंची वर्तुळाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. तंजावर तेव्हा आपल्या सरफोजी राजांचं. यंत्राचं वर्तुळ वाकडं झालं. दुसरा कोणी असता तर नवं यंत्र विलायतेहून येईपर्यंत हात बांधून बसला असता. लॅम्टन साहेबांनी तंबूत बसून, रोज थोडं थोडं ओढून-ठोकून, सहा आठवड्यांत ते वर्तुळ पुन्हा गोल केलं. मला त्या कबरीपाशी उभं असताना हेच आठवत होतं.

नातीने पुन्हा अडवलं. "दोन कोन मोजले की तिसरा आपोआप मिळतो. मग सोपं झालं की."

"शक्य असेल तिथे ते तिसराही मोजत. अर्ध्या टनाचं यंत्र तिसऱ्या टेकडीवर चढवून."

"का पण? १८० मधून वजा करायचे ना!"

कारण वजाबाकीने काढलेला कोन कधीच चूक सांगत नाही. पहिल्या दोनांत काही चुकलं असेल तर ती चूक तिसऱ्याच्या पोटात गुपचूप जाऊन बसते. तिन्ही मोजले तर बेरीज साक्ष देते. समज, बेरीज १८० अंशांहून ३ विकला जास्त भरली. एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला. विकला म्हणजे किती बारीक? अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं पाच किलोमीटरवर धरलं तर डोळ्यापाशी जेवढा कोन होईल तेवढी. तर ती ३ विकलांची चूक कोणाची ते सांगता येत नाही, म्हणून तिघांवर सारखी: ३क्ष बरोबर ३, प्रत्येकातून एक विकला कमी. हेही समीकरणच.

"मग झालं १८०."

"नाही झालं. मोठ्या त्रिकोणाची बेरीज १८० होतच नाही. सगळं अचूक मोजलं तरी."

यावर नातू चिडलाच. थोड्याच दिवसांपूर्वी त्याने धुऱ्यावरून गिरकी घेऊन १८० सिद्ध केलं होतं, आणि आता आजोबा शब्द फिरवत होते. मी स्वयंपाकघरातून टरबूज आणलं. महानदीच्या वाळूतलं, चांगलं गोल. देठाला उत्तर ध्रुव म्हटलं आणि कंबरेवर खडूने विषुववृत्ताची रेघ ओढली. आता समज, एक मुंगळा ध्रुवावरून सरळ खाली आला. विषुववृत्तावर पोचला, काटकोनात वळला, पाव फेरी चालला, पुन्हा काटकोनात वळून सरळ वर ध्रुवाकडे गेला. त्याच्या तिन्ही वाटा सरळ, कुठे वाकलेल्या नाहीत. कोपरे मोज.

त्याने कागदाचा कोपरा लावून बघितला. कंबरेवर काटकोन. दुसरीकडे काटकोन. देठापाशीही काटकोन. "दोनशे सत्तर," तो हळूच म्हणाला.

तो तुकडा मी सुरीने कापून त्याच्या हातात दिला, टरबुजाच्या सालीचा बरोबर आठवा भाग. धुऱ्यावरचा हिशेब खोटा नव्हता, तो सपाट जमिनीचा होता. गोल जमिनीवर फेरी मारली की वळणांची गिरकी ३६० पेक्षा कमी भरते, कारण राहिलेलं वळण जमीन स्वतःच वळवून देते. आणि जेवढं क्षेत्रफळ मोठं, तेवढी वाढ जास्त. आपल्या पृथ्वीवर सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणाला एक विकला. बांधीत ही वाढ कोणाला सापडणार नाही. पण रायपूर, नागपूर आणि जबलपूर एवढा त्रिकोण घेतलात तर तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशांवर जवळजवळ अडीच कला भरेल. लॅम्टन साहेबांना हे माहीत होतं आणि ते हिशेबात धरत. चूक कोणती आणि पृथ्वीची गोलाई कोणती, हे ते वेगवेगळं काढत. म्हणजे आधी त्रिकोणाच्या क्षेत्रफळावरून वाढ काढायची, ती १८० त मिळवायची, आणि मग जे जास्तीचं राहील ती आपली चूक, तिघांत वाटायची.

नातू बराच वेळ सालीच्या त्या तुकड्याकडे बघत बसला. मग लाल गर खाल्ला आणि साल धुऊन खिडकीत वाळत ठेवली.

काठी आम्ही गच्चीवर तशीच ठेवली होती. रोज बारा वाजता नात वर जाई आणि खडूने सावलीच्या टोकावर खूण करी. खुणा काठीच्या बुडाकडे सरकत होत्या. सहा सेंटिमीटर, पाच, साडेतीन. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, अंगाची लाहीलाही होऊ लागली, पण तिने नेम चुकवला नाही. रायपूरचा अक्षांश सव्वाएकवीस अंश उत्तर. सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकत होता, आणि विषुववृत्तापासूनची त्याची सरक अधिक आमचा क्ष यांची बेरीज दर दुपारी तेवढीच, सव्वाएकवीस भरत होती. एक वाढला की दुसरा कमी.

२७ मेला दुपारी आम्ही तिघं गच्चीवर होतो. बाराचा ठोका झाला. काठीची सावली डब्याच्या तोंडाच्या आत शिरली, आखडली आणि काठीच्या बुडाशी नाहीशी झाली. शेजारच्या गच्चीवरच्या टाकीचीही सावली कुठे दिसेना. नातवाने स्वतःभोवती वळून बघितलं. त्याची सावली त्याच्या पायांखाली गोळा झाली होती.

"आजोबा, त्रिकोणच राहिला नाही," नात म्हणाली. तिने वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं: क्ष बरोबर शून्य.

मग नातवाने मोठ्याने विचारलं की आता उद्यापासून सावली कोणत्या बाजूला पडेल, आणि आम्ही तिघंही उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या कठड्याकडे आळीपाळीने बघत उभे राहिलो.